शहराची उद्दिष्टे कोणी आणि कशी ठरवावीत?

वाचकांचे प्रश्न

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि कित्येक शहरांतील दीर्घकाळची प्रशासकीय राजवट संपली. त्यानंतर अनेक ठिकाणी नागरिकांच्या सभा घेऊन शहराच्या पुढील पाच वर्षांची दिशा ठरवण्याचे प्रयत्न सुरू झाले आहेत. त्यासंबंधी आलेल्या पत्रांपैकी काहींना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमचे शहर सुमारे साठ हजार वस्तीचे असून नगरपरिषद ‘ब’ वर्गाची आहे. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांनी नागरिकांची सभा बोलावून ‘पाच वर्षांत शहराने काय साधावे’ असे विचारले. मागण्यांची वीस पानी यादी तयार झाली. तिच्यात गटारे, पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्ट दिवे आणि पाण्याची टाकी हेच पुनःपुन्हा आले आहे. या यादीला शहराची उद्दिष्टे म्हणता येईल का? नसेल तर पुढे काय करावे? (एक निवृत्त शिक्षक, पश्चिम महाराष्ट्र)

उत्तर : ही यादी जपून ठेवा, कारण लोकांना नेमके कुठे खुपते आहे ते तिच्यातून कळते. मात्र ती कामांची यादी आहे, उद्दिष्टांची नाही. ‘आमच्या प्रभागात नवी टाकी बांधा’ हे काम झाले. ‘मार्च २०२८ पर्यंत शहराच्या शेवटच्या टोकाच्या घरातही रोज ठरलेल्या वेळी, मोटार न लावता, पुरेशा दाबाने पाणी यावे’ हे उद्दिष्ट झाले. टाकी बांधून होते, ठेकेदाराचे अंतिम देयक निघते आणि कागदोपत्री काम पूर्ण होते. पण वितरणाची वाहिनी जुनी आणि अपुऱ्या व्यासाची असेल किंवा टाकी भरण्याच्या वेळेतच वीज जात असेल, तर त्या टोकाच्या घरातील बाईला पूर्वीसारखेच पहाटे उठून बसावे लागते. उद्दिष्ट तिच्या नळाशी तपासले जाते, म्हणून ते अधिक अवघड आहे आणि म्हणूनच ते लिहून घेतले पाहिजे. आपल्या यादीतील प्रत्येक मागणीपुढे ‘हे कशासाठी हवे आहे?’ असा प्रश्न लिहा. पेव्हर ब्लॉकच्या दहा मागण्यांमागे बहुधा एकच तक्रार निघेल : पावसाळ्यात गल्लीत पाणी तुंबते आणि मुलांना चिखलातून शाळेत जावे लागते. तसे असेल तर आधी पाण्याच्या निचऱ्याचा विचार करावा लागेल, ब्लॉकचा नंतर.

मोजमापासाठी नव्याने काही शोधून काढण्याची गरज नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी २८ निर्देशकांची सेवास्तर मानके ठरवून दिली. पाण्यापुरते बोलायचे तर दरडोई दररोज १३५ लिटर, सर्व जोडण्यांना मीटर, गळती व बेहिशेबी पाणी २० टक्क्यांपेक्षा अधिक नाही, ८० टक्के तक्रारींचे ठरलेल्या वेळेत निवारण आणि पाणीपट्टीची ९० टक्के वसुली अशी ती मानके आहेत. तेराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०१०-१५) कामगिरीवर आधारित अनुदानाची एक अट म्हणून नागरी संस्थांना या चार सेवांची आपली उद्दिष्टे राजपत्रात प्रसिद्ध करावी लागत होती. आपल्या नगरपरिषदेने त्या वेळी कोणते आकडे दिले होते ते कार्यालयात मागून पाहावे. सभेपुढे ठेवायला तो पहिला कागद उत्तम आहे.

आता आपल्याच शहराचा हिशेब करू. साठ हजार लोकांना १३५ लिटरप्रमाणे रोज ८१ लाख लिटर पाणी घरात पोहोचायला हवे. वाटेत २० टक्के जाते असे धरले तर शुद्धीकरण केंद्रातून सुमारे १ कोटी १ लाख लिटर सुटले पाहिजे. प्रत्यक्षात किती सुटते, हा प्रश्न पाणीपुरवठा अभियंत्यांना विचारा. लहान शहरांत पुष्कळदा केंद्रावर प्रवाहमापकच चालू नसतो आणि ‘पंप इतके तास चालला’ यावरून अंदाजाने आकडा लिहिला जातो. तसे असेल, तर पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट मापक बसवणे हेच असू द्या. ते दिखाऊ नाही, त्याचे उद्घाटन करायला कोणी येणार नाही, परंतु त्याच्याशिवाय पुढची सगळी चर्चा अंदाजावर होईल.

नागरिकांनीही आपल्या बाजूने मोजले पाहिजे. वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या गल्ल्यांतील दहा घरे निवडा. महिनाभर प्रत्येक घराने एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, आणि जमिनीलगतच्या नळाखाली वीस लिटरची बादली भरायला किती मिनिटे लागली. त्या वेळी मोटार बंद असलीच पाहिजे, कारण नळाला थेट लावलेली मोटार शेजारच्या घरांचा दाब खेचून घेते आणि मोजणी खोटी ठरते. नगरपरिषदेकडे पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याची, कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडला आणि केव्हा बंद केला याची नोंद असते किंवा असायला हवी. या दोन नोंदी अभियंत्यांसमोर शेजारी शेजारी ठेवल्या की व्हॉल्व्ह वेळेवर उघडूनही चाळीस मिनिटे पाणी का येत नाही, या प्रश्नावर तिथेच बोलता येते. कधी मध्येच गळती सापडते, कधी वरच्या भागातील अनधिकृत जोडण्या. नागरिक आणि अधिकारी एकाच टेबलाशी बसून काही ठरवतात असे जेव्हा खरोखर घडते, तेव्हा ते बहुधा अशाच एखाद्या कागदाभोवती घडते.

उद्दिष्टाबरोबर त्याची किंमतही स्वीकारावी लागते, आणि हे नगरसेवकांनी लोकांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कराडलगतच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना यशस्वी केली. तिचा आधार मीटर आणि वाढत्या वापराला वाढता दर हा होता. थोडे पाणी वापरणाऱ्यास कमी आणि जास्त वापरणाऱ्यास चढा दर, ही गोष्ट लोकांनी मान्य केली म्हणून ती चालली. ‘चोवीस तास पाणी हवे, पण मीटर नको’ असा ठराव करणाऱ्या सभेने काहीच ठरवलेले नसते.

उद्दिष्टे किती असावीत? माझे स्पष्ट मत असे की चार किंवा पाच, त्याहून अधिक नकोत. लहान नगरपरिषदेत एकच अभियंता पाणी, रस्ते आणि इमारती तिन्ही पाहत असतो. त्याच्यावर वीस उद्दिष्टे लादली तर एकाचीही जबाबदारी त्याच्याकडून मागता येणार नाही. सिंधुदुर्गातील वेंगुर्ले हे २०११ च्या जनगणनेनुसार साडेबारा हजारांच्या आतील वस्तीचे शहर. त्याने कचऱ्यावर लक्ष एकवटले. घराघरांतून वेगळा केलेला कचरा पुढे वीसहून अधिक प्रकारांत निवडला जाऊ लागला आणि जिथे दुर्गंधीमुळे कोणी फिरकत नसे त्या कचरा डेपोची जागा बाहेरगावचे लोक पाहायला येऊ लागले. एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणाचा पहिला क्रमांक २०२० मध्ये कराडने, २०२१ मध्ये विट्याने, २०२२ मध्ये पाचगणीने आणि २०२३ मध्ये सासवडने मिळवला. महाराष्ट्रातील लहान शहरांची कुवत यातून दिसते. तरीही क्रमांक हे उद्दिष्ट ठेवू नये असेच मी सुचवेन. पाहणीचे पथक येऊन गेल्यावरही घंटागाडी त्याच वेळेला येईल आणि ओला कचरा डेपोपर्यंत वेगळाच जाईल, हे लिहून घ्यावे. क्रमांक मिळाला तर आनंदच आहे.

राहता राहिले वेळापत्रक. नगरपरिषदेचा अर्थसंकल्प साधारणतः फेब्रुवारीअखेरच्या विशेष सभेत मंजूर होतो, पण त्याचे आकडे कार्यालयात डिसेंबरपासूनच जुळवले जातात. जानेवारीत घेतलेली नागरिकांची सभा म्हणूनच उशिराची असते. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांच्या सूचना अर्थसंकल्पात घेण्यास सुरुवात केली, तेव्हा त्या सूचना काही महिने आधीच मागवण्याची पद्धत ठेवली. आपणही ऑक्टोबरपर्यंत उद्दिष्टे निश्चित करावीत. पैसा कोणत्या अटींनी येतो हेही लेखापालांकडून समजून घ्यावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात आपल्यासारख्या शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बंधित होती. तिचा निम्मा भाग स्वच्छता व घनकचऱ्यासाठी आणि निम्मा पिण्याचे पाणी, पर्जन्यजल संधारण व पुनर्वापरासाठी होता. सभामंडपाची मागणी या पैशातून पुरी होऊ शकत नव्हती. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होत असल्याने त्याच्या अटी उद्दिष्टे लिहिण्यापूर्वी पाहून घ्याव्यात.

प्रश्न : आमच्याकडे थेट निवडून आलेले नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे आहे. मुख्याधिकाऱ्यांची बदली केव्हाही होऊ शकते. नागरिकांनी मेहनतीने ठरवलेली उद्दिष्टे अशा स्थितीत टिकावीत कशी? (एक व्यापारी, मराठवाडा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. त्यावर माझ्याजवळ एकच व्यवहार्य उपाय आहे. नागरिकांच्या सभेत जे ठरले ते सर्वसाधारण सभेपुढे नेऊन त्याचा ठराव करून घ्यावा. ठरावात आजचा आकडा, गाठायचा आकडा, तारीख, जबाबदार पद आणि अर्थसंकल्पातील शीर्ष या पाचही गोष्टी असाव्यात. पदाचा उल्लेख करावा, व्यक्तीचा नको, म्हणजे मुख्याधिकारी बदलले तरी नव्यांच्या टेबलावर तोच ठराव असतो. शिवाय पहिल्या सभेपासूनच दोन्ही बाजूंच्या नगरसेवकांना बोलवावे आणि उद्दिष्टांना कोणत्याही नेत्याचे नाव देऊ नये. पाण्याच्या वेळेवर आणि घंटागाडीवर मतभेद होण्याचे कारण नसते. मतभेद होतात ते श्रेयावर, म्हणून श्रेय सगळ्या सभागृहाला द्यावे.

कायद्याची मदत या बाबतीत थोडी तोकडी आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. लहान शहरातील नागरिकाला तो मंच आपोआप मिळत नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने नागरी कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. त्या क्षेत्राच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य मानला गेला. ग्रामसभेचे हे शहरी रूप प्रत्यक्षात फारसे रुजले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्या नगरसेवकांकडे क्षेत्रसभेची लेखी मागणी करा. ती झाली नाही, तरी वर्षातून दोनदा प्रभागात आढावा सभा घेण्यापासून कोणी अडवलेले नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अर्थसंकल्प आणि खर्च स्वतःहून जाहीर करणे कार्यालयावर बंधनकारक आहे, तेव्हा आढाव्यासाठी लागणारे आकडे मागताना संकोच करू नये.

केरळचा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. १९९६ मध्ये तेथे लोकयोजना मोहीम सुरू झाली, तेव्हा राज्याने योजनेच्या निधीतील ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना देण्याचे आधी जाहीर केले आणि नंतर लोकांना सभेला बोलावले. आपल्या नगराध्यक्षांनीही ‘पुढील वर्षी एवढी रक्कम नागरिकांच्या प्राधान्याने खर्च होईल’ असा आकडा सभेपूर्वीच सांगावा. रक्कम लहान असली तरी चालेल. हातात किती आहे हे ठाऊक असलेली माणसे वेगळ्या गांभीर्याने निवड करतात, आणि उद्दिष्ट मधेच सोडून देणेही मग सभागृहाला अवघड जाते.

प्रश्न : आमची वसाहत हद्दवाढीत शहरात आली. उद्दिष्टांची सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला नगरपरिषदेच्या सभागृहात झाली. आम्ही बायका, रोजंदारीवर जाणारे आणि सफाई कामगार यांच्यापैकी तिथे जवळजवळ कोणीच नव्हते. आता उद्दिष्टे ठरली असे सांगतात. (एक गृहिणी, उत्तर महाराष्ट्र)

उत्तर : ताई, ती उद्दिष्टे अपुरी आहेत असे लेखी कळवा आणि आपल्या वसाहतीत संध्याकाळी साडेसातनंतर दुसरी सभा मागा. अंगणवाडीची खोली किंवा शाळेचे पटांगण पुरेसे आहे. बचत गटांचे वस्तीस्तर संघ आणि शहरस्तर संघ बहुतेक शहरांत आहेत. त्यांच्या बैठकीतच हा विषय घेतला तर वेगळी गर्दी जमवावी लागत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, तेव्हा आपल्या प्रभागात नगरसेविका असल्यास पत्र त्यांच्याच हाती द्या आणि सभेचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः घ्यावे असा आग्रह धरा.

सफाई कामगारांचा आपण उल्लेख केलात, त्याबद्दल विशेष आभार. कोणत्या गल्लीत ओला-सुका एकत्र येतो, कोणते चेंबर दर पावसात उफाळते, कोणत्या हॉटेलचा कचरा रात्री नाल्यात जातो, हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. त्यांना कामाच्या वेळेत, पगारी हजेरी धरून, सभेला बसवावे. मुकादमाने त्यांच्या वतीने बोलून भागत नाही.

हद्दवाढीच्या भागाबाबत एक सावधगिरी बाळगा. तुमच्याकडील रस्ते, बाग, शाळा यांच्या जागा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास योजनेत ठरतात, आणि ती योजना वीस वर्षांच्या हिशेबाने केली जाते. नव्या भागाची योजना प्रारूप अवस्थेत असेल तर हरकती व सूचनांसाठी दिलेली मुदत चुकवू नका. आज सभेत ‘उद्यान हवे’ असे मंजूर झाले आणि योजनेत त्यासाठी भूखंडच राखलेला नसला, तर ते उद्यान पुढे होणार नाही. उद्दिष्टांच्या कागदाला विकास योजनेच्या नकाशाची प्रत जोडायला सांगा आणि आपल्या वसाहतीवर बोट ठेवून काय कुठे येणार ते विचारा.

प्रश्न : माझे घर गावाकडच्या शहरात आहे, पण नोकरीमुळे मी पुण्यात राहतो. मला या प्रक्रियेत भाग घेता येईल का? (एक अभियंता)

उत्तर : आपण तेथे मालमत्ता कर भरता, त्यामुळे लेखी सूचना देण्यास काहीच अडचण नाही. तेथील मतदारयादीत नाव नसल्यास क्षेत्रसभेचे सदस्यत्व मात्र मिळणार नाही. उद्दिष्टे काय असावीत हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवू द्यावे. आपण अभियंते आहात, तेव्हा पाण्याच्या नोंदवह्यांतील आकडे संगणकावर घालून दर महिन्याला प्रभागवार तक्ता करून देण्याचे काम पुण्यात बसूनही करता येईल. लहान नगरपरिषदेत त्यासाठी वेगळा माणूस बहुधा नसतो. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा मुख्याधिकारी आणि पाणीपुरवठा अभियंता यांना भेटून तसे लेखी सुचवा.