रिसायकल केलेल्या प्लास्टिकचा काळा गंडम: रंगवावा की तसाच ठेवावा?

तुम्ही विचारलंय की भाच्यासाठी जपानहून 'इकोप्ला' गंडमचं (जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवाचं, रिसायकल केलेल्या प्लास्टिकचं) जोडायचं किट आलं, डबा उघडला तर आतलं सगळंच काळंकुट्ट. रंगवायचं का? आणि रिसायकलचं म्हणजे प्लास्टिक कच्चं निघेल का?

कच्चं नाही. मी तोक्योत निशिकासाईला राहतो, अशी दोन किटं जोडलीत. नेहमीच्या पॉलिस्टायरीनपेक्षा हाताला वेगळं काही लागलं नाही, सांधेही तसेच खटकन बसतात. गोंद लागत नाही.

काळं का, ते आधी सांगतो. या किटांचे तुकडे ज्या चौकटीला चिकटून येतात तिला रनर म्हणतात. मॉडेल उभं राहिलं की रनर कचऱ्यात. 1980 पासून गंडमची मॉडेलं विकली जातायत, तेव्हा हा ढीग केवढा असेल बघा. 2021 पासून ही मॉडेलं बनवणारी कंपनी बांदाई नामको स्वतःच्या गेम सेंटरांमध्ये पेट्या ठेवून हे रनर परत गोळा करते. त्यात पांढरे, लाल, निळे, पिवळे सगळेच असतात. ते एकत्र दळून वितळवले की काय रंग येईल? रंगपंचमीच्या संध्याकाळी बादलीत उरलेलं पाणी आठवा. तो मळका रंग झाकायचा तर काळाच बरा.

(विमानाने प्लास्टिक मागवून पर्यावरण वाचतं असं मात्र मी म्हणणार नाही. बाहुला छान आहे, एवढंच.)

आता खरी अडचण. काळ्या प्लास्टिकवर कापल्याची खूण पांढरी उमटते आणि ती लांबूनही दिसते. माझ्या पहिल्या गंडमच्या दोन्ही खांद्यांवर कोड फुटल्यासारखे डाग आहेत, कारण मी घाईत तुकडा पिरगळून काढला होता. तसं करू नका. निपरने (प्लास्टिक कापायच्या छोट्या पकडीने) आधी तुकड्यापासून जरा लांब कापा, तुकडा सुटा झाला की उरलेला खुंट दुसऱ्यांदा कापा. नेलकटर चालतं, पण दुसऱ्या कापाला ते जवळ पोचत नाही. मग 400, 600, 1000 नंबरचा अशा क्रमाने पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. बारीकसा पांढरा डाग असेल तर नखाने घासून पाहा, बऱ्याचदा जातो.

दुसरं म्हणजे सगळे तुकडे एकदम कापून ताटात ओतू नका. रंगीत किटात निळा तुकडा छातीचा, लाल पावलाचा असा अंदाज तरी बांधता येतो. इथे रनरवरचा नंबर हीच एक खूण. त्या पायरीला लागतील तेवढेच कापा.

रंगवायचं म्हणाल तर माझं मत नको असंच आहे. काळ्यावर पिवळा आणि पांढरा नीट चढायला थरावर थर द्यावे लागतात. कथेतला 18 मीटरचा गंडम 1/144 मापात साडेबारा सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम अर्धी वीत. एवढ्याशा अंगावरच्या बारीक रेषा त्या थरांत बुजून जातात. त्यापेक्षा मॅट क्लिअरचा (बिनचकाकीच्या पारदर्शक वॉर्निशचा) एक हात मारा. चकाकी जाते, पॉलिश पेपरचे ओरखडेही बरेच लपतात. तरी हौस असेलच तर ब्रशला चंदेरी रंग लावा, तो कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि कोरडा ब्रश फक्त कडांवरून फिरवा. इनॅमलचा पातळ रंग भेगांत सोडायचा मोह आवरा. घट्ट बसलेल्या सांध्यात तो शिरला तर प्लास्टिकला तडा जातो.

आणि रनर फेकू नका. त्याचे बारीक तुकडे प्लास्टिक सिमेंटच्या (प्लास्टिक विरघळवून चिकटवणाऱ्या गोंदाच्या) बाटलीत एक रात्र भिजत ठेवले की त्याच रंगाची लांबी, म्हणजे भेगा भरायचा लगदा, तयार होते. खिडकी उघडी ठेवून करा, वास डोक्यात जातो. भाचा लहान असेल तर कपाळावरचं शिंग आठवडाभरात तुटणारच आहे, तेव्हा ती लागेल.