फलकावरची ती ओळ काढून टाक

प्रिय मुली,

गरोदर बायकांसाठी तू व्यायामाचा वर्ग सुरू केलास, त्याचे फोटो पाहून फार बरं वाटलं. चटया, भिंतीला धरायची दांडी, थकल्यावर टेकायला खुर्च्या, सगळं नीट आहे. खुपली ती दारावरच्या फलकावरची एकच ओळ: ‘पस्तिशीनंतर आई होताय? व्यायाम करा, बाळाचा मेंदू तल्लख करा.’ ती काढ. का, ते सविस्तर सांगते.

वीसेक वर्षांपूर्वी मीही हेच बोलायचे. अमेरिकेतल्या जेम्स क्लॅप यांचा १९९६ सालचा अभ्यास तेव्हा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. गरोदरपणातही व्यायाम चालू ठेवलेल्या बायकांची मुलं पाचव्या वर्षी बुद्धीच्या आणि भाषेच्या चाचण्यांत सरस निघाली होती. माझ्याकडे ३८ वर्षांच्या एक बाई यायच्या. लग्नानंतर बारा वर्षांनी दिवस गेलेले. मी त्यांना म्हणाले, “रोज चाला, बाळ हुशार होईल.” त्या मनापासून चालल्या. सातव्या महिन्यात अंगावरून रक्त गेलं, चालणं बंद झालं. पुढे मूल तीन वर्षांचं झालं तरी धड बोलेना. एक दिवस त्याला कडेवर घेऊन त्या आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, शेवटचे दोन महिने मी चालले नाही, त्यामुळे तर नसेल ना झालं?” नाही, असं मी ठामपणे सांगितलं. पण तो प्रश्न त्यांच्या मनात मीच पेरला होता. घरी येऊन क्लॅप यांचा अभ्यास पुन्हा वाचला, तेव्हा दिसलं की व्यायाम चालू ठेवायचं त्या बायकांनी स्वतःच ठरवलं होतं. अशा घरांत मुलांना इतरही बरंच काही मिळत असतं. आणि दोन्ही गटांत मुलं होती जेमतेम वीस-वीस.

तू बहुधा कॅनडातल्या मॉन्ट्रियलचं संशोधन वाचलं असशील. २०१३ मध्ये त्याची खूप चर्चा झाली. चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून तीनदा, वीस-वीस मिनिटं व्यायाम करणाऱ्या आयांची बाळं ८ ते १२ दिवसांची असताना, झोपेत, डोक्याला मऊ इलेक्ट्रोड लावून तपासली. ओळखीच्या आवाजांमध्ये वेगळा आवाज आला की त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद जास्त परिपक्व दिसला. मला हा प्रयोग आवडतो, कारण कोणी व्यायाम करायचा हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पण आया मोजक्याच होत्या, आणि दहा दिवसांच्या बाळाचा मेंदू पुढे शाळेत काय करेल हे त्यावरून कळत नाही. नॉर्वेत ८५५ गरोदर बायकांची अशीच विभागणी केली आणि त्यांची मुलं दीड वर्षाची झाल्यावर काहींना तपासलं. बुद्धी, भाषा, हालचाल, कशातच फरक नव्हता. फायदा दिसला नाही, तसा तोटाही दिसला नाही. घाबरलेल्या सासूबाईंना सांगायला हा दुसरा अर्धा भाग फार मोलाचा आहे.

मोठ्या वयाच्या आयांबद्दल मात्र एक प्रयोग तुला माहीत असायलाच हवा. तो उंदरांवरचा आहे आणि हृदयाचा आहे, मेंदूचा नाही. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. हृदय घडवणाऱ्या एका जनुकात दोष असला, तर वय झालेल्या मादीच्या पिलांत हृदयाला छिद्र जास्त सापडत होतं. दोष म्हाताऱ्या बीजाचा की म्हाताऱ्या आईचा? त्यांनी अंडाशयांची अदलाबदल केली. तरुण अंडाशय वयस्क मादीत बसवलं तरी धोका वाढलेलाच राहिला, आणि वयस्क अंडाशय तरुण मादीत बसवलं तेव्हा तो वाढला नाही. म्हणजे हा धोका आईच्या शरीरातून येत होता. मग वयस्क माद्यांना काही महिने चाकावर पळू दिलं, तर तो उतरला. पस्तिशी उलटलेल्या बाईला ‘तुझं बीजच जुनं’ असं ऐकवणारी माणसं कमी नसतात. बीजाचं वय काही बाबतींत महत्त्वाचं असतंच. पण सगळं तिथेच ठरत नाही, हे या प्रयोगातून मी शिकले.

मग आपण बायकांना काय सांगायचं? जे पक्कं आहे ते. वय वाढतं तसा गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाब वाढतो. २०१८ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा व्यायामाने या दोन्हींची शक्यता सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी झालेली दिसली. रक्तदाब फार चढला की बाळाला वेळेआधी बाहेर काढावं लागतं, आणि ३४ व्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या दोन तृतीयांशच असतं. व्यायाम आणि बाळाचा मेंदू यांच्यातला मला सर्वांत भरवशाचा वाटणारा दुवा हाच आहे. आईची तब्येत सांभाळली की बाळाला पोटात पुरेसे दिवस मिळण्याची शक्यता वाढते.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतपत दम लागेल अशी. हे तुला पाठ आहे. पण आधी कागद बघ. वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय का, रक्तदाब किती, हिमोग्लोबिन किती. आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय होता. त्यामुळे हिमोग्लोबिन न बघता कुणालाही चटईवर उभं करू नकोस. रक्त किंवा पाणी जाणं, चक्कर, छातीत दुखणं, एक पोटरी दुखून सुजणं, यांतलं काहीही दिसलं तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन.

तू लिहिलेल्या त्या ४१ वर्षांच्या बाईंचं सांगते. ‘प्रेशस बेबी’ म्हणून घरच्यांनी त्यांना पलंगावरून हलू दिलेलं नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, की घरच्यांनीच ठरवली आहे, हे आधी डॉक्टरांशी बोलून घे. त्यांनी हरकत नाही म्हटलं तर पहिल्या दिवशी दहा मिनिटांचं सावकाश चालणं पुरे. सासूबाईंनाही सोबत बोलाव आणि त्या दोघींच्या बरोबर तूही चाल.

तुझी,
मॅडम