नॅस (नेटवर्कवरून वापरायचा सामायिक साठवण-संच) हळूहळू मंदावतोय? आधी नेटवर्क आणि डिस्क वेगवेगळे तपासा

लगेच रीस्टार्ट करू नका. थोडा वेळ बरं वाटतं, पण खरं कारण झाकलं जातं. आधी आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) चालवा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण 940 मेगाबिट मिळायला हवेत. आकडा 94 च्या आसपास अडकला तर लिंक 100 वर उतरली आहे. बहुतेक वेळा केबलमधली तारांची एखादी जोडी तुटलेली असते. केबल बदला, डिस्कला हात लावू नका.

नेटवर्क ठीक असेल तर आयओस्टॅटमध्ये (डिस्कचं काम मोजणारी आज्ञा) प्रत्येक डिस्कचा प्रतिसादवेळ बघा. बाकीच्या 10 मिलिसेकंदांवर आणि एकच 200 वर असेल, तर तीच अख्ख्या रेडला (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या संचाला) मागे खेचतेय. तिचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) काढा. त्यातल्या 5, 197, 198 या क्रमांकांच्या नोंदींचे (खराब किंवा संशयास्पद सेक्टर) मूळ आकडे वाढत असतील तर डिस्क बदला, पण बॅकअप आधी, कारण रीबिल्डचा (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारण्याचा) ताण उरलेल्या डिस्कवर पडतो. फक्त 199 (डेटा वाहून नेतानाच्या चुका) वाढत असेल तर दोष बहुधा डिस्क जोडणाऱ्या साटा केबलचा.

सगळ्याच डिस्क सारख्या संथ? मग जागा बघा. झेडएफएस (एक फाइल सिस्टिम) वापरत असाल तर तिचा पूल, म्हणजे डिस्क मिळून बनलेला साठा, 80 टक्क्यांपुढे भरला की मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते आणि लिखाण रखडतं. फाइली पुसूनही जागा सुटत नसेल तर जुने स्नॅपशॉट (डेटाच्या त्या त्या वेळच्या जपून ठेवलेल्या स्थिती) ती धरून बसलेले असतात.