ओठांबाहेर गेलेला रंग

चि. चित्रकर्तीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी सहाही पोर्ट्रेट्स मोबाइलवर मोठी करकरून पाहिली. हात तयार आहे, त्याबद्दल बोलायलाच नको. पण केस हिरवे आणि पार्श्वभूमी गुलाबी केली की चित्र 'पॉप', म्हणजे सिनेमा-जाहिराती-पेपरातल्या प्रतिमांवरून केलेली कला, झालं, असं नसतं गं. तो नुसता साज झाला. त्या वृत्तनिवेदिकेला तू इतकं गोड रंगवलंस की ती टीव्हीच्या पडद्यावरून आली होती हेच पुसलं गेलं.

अमेरिकन पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलचं १९६२ सालचं 'मॅरिलिन डिप्टिक', म्हणजे अभिनेत्री मॅरिलिन मन्रोचं ते दोन भागांतलं चित्र, पुन्हा बघ, आणि सावकाश बघ. तिला त्यानं समोर बसवलेलं नाही. 'नायगरा' या १९५३च्या चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेला एक फोटो घेतला, कापून चेहऱ्यापुरता ठेवला. कॅनव्हासवर आधी रंगाचे सपाट डाग, मग स्क्रीनमधून, म्हणजे छपाईच्या जाळीदार कापडातून, वर काळी शाई. दोन्ही नेमकं जुळत नाही, तिथं ओठांचा लाल ओठांबाहेर जातो आणि पापणीचा निळा सरकतो. छपाईवाला ज्याला खराब माल म्हणून बाजूला टाकेल, ते यानं ठेवून दिलं. डावीकडे पंचवीस चेहरे रंगीत, उजवीकडे पंचवीस काळे-पांढरे. त्यातले काही शाईनं बरबटलेले, तर कडेचे इतके फिके की चेहरा आहे की नाही अशी शंका यावी. ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेली होती. दुःख त्यानं चेहऱ्यावर काढलंच नाही, शाईवर सोपवलं.

म्हणून आठवडाभर रंगाला हात लावू नकोस. एकच चेहरा घे. पेपरातला भिंगाखाली धर, ठिपके दिसतील. तोच फॉरवर्ड होत होत आलेला बघ, हनुवटीच्या कडेला चौकोन पडलेले असतील. शिवाय चौकटीबाहेर काय कापलंय तेही शोध. मी एकदा पेपरातून एका खेळाडूचा रडवेला चेहरा उचलला आणि दोन महिने त्याचं दुःख रंगवत बसलो. पुढे पूर्ण फोटो हाती आला. गडी उन्हानं डोळे बारीक करून स्कोअरबोर्ड वाचत होता!

एक व्यवहाराची गोष्ट. फोटो कुणी काढलाय ते वहीत लिहून ठेव, चित्र कुठं छापायला द्यायचं असेल तर आधी परवानगी माग. लिन गोल्डस्मिथनं १९८१मध्ये काढलेल्या प्रिन्स या गायकाच्या फोटोवरून वॉरहॉलनं चित्रं केली. त्यातलं एक मासिकाला छापायला दिल्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२३मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल गोल्डस्मिथच्या बाजूनं लागला. तिथं वॉरहॉलचं नाव कामी आलं नाही, तुझं-माझं कुठून येणार?

त्या निवेदिकेचं चित्र मात्र फाडू नकोस. तिच्या कानामागून जाणारी इअरपीसची वायर तू दिसायला बरी नाही म्हणून गाळलीस ना? तेवढी काढ आणि फोटो पाठव.

तुझा,
सर