सोर्स कोडची झिप मिळाली, पण सही करणारी किल्ली कुणाकडे आहे?

आपण लिहिले आहे की शालेय गणवेशांच्या मागणीसाठी करून घेतलेल्या आपल्या ॲपबद्दल प्ले स्टोअरकडून टार्गेट एपीआय वाढवण्याची, म्हणजे ॲप नव्या अँड्रॉइडसाठी अद्ययावत करण्याची, सूचना आली आहे, ॲप करून देणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून फोन उचलत नाही, आणि सोर्स कोडची झिप, म्हणजे ॲपच्या मूळ प्रोग्रामची एकत्र बांधलेली फाइल, आपल्याकडे असल्यामुळे दुसऱ्या कुणाकडून हे काम दोन दिवसांत होईल अशी आपली अपेक्षा आहे. हे वाचून मला २०२० सालचा जून महिना आठवला. त्या वेळी मीही असेच धरून चाललो होतो की झिप आहे म्हणजे सगळे आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर नाही, वकीलही नाही. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि गेली काही वर्षे आमचे ॲप मी स्वतः सांभाळतो, एवढ्याच अधिकाराने हे सांगतो आहे.

प्रथम सूचनेविषयी. ती गंभीर आहे, पण त्यामुळे आजच्या आज ॲप बंद पडत नाही. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवे ॲप किंवा जुन्या ॲपची नवी आवृत्ती अँड्रॉइड १५ म्हणजे एपीआय ३५ साठी केलेली असावी लागते, आणि आधीपासून स्टोअरवर असलेले ॲप किमान एपीआय ३४ चे नसेल तर त्या ॲपच्या एपीआयहून नव्या अँड्रॉइडच्या फोनवर नव्या ग्राहकांना ते दिसत नाही. ज्यांनी आधी ते घेतले आहे त्यांना ते वापरता येते आणि पुन्हा उतरवूनही घेता येते. त्यामुळे घाबरून कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका. आधी ॲपवर सही करणाऱ्या किल्लीचा शोध घ्या.

आमची गोष्ट अशी. २०१८ साली आम्ही घाऊक दुकानदारांसाठी मागणी नोंदवण्याचे ॲप सोलापूरबाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतले. काम चांगले झाले होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. शेवटचा हप्ता देताना त्यांनी एक हस्तांतरणाचे पत्र पुढे केले. त्यात सोर्स कोड, चित्रे आणि डेटाबेसची प्रत मिळाल्याचा उल्लेख होता. मी ते वाचले आणि सही केली. आमच्या धंद्यातल्या माणसाला सोर्स कोड म्हणजे जॅकार्डची पंच कार्डे, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोके पाडलेली कार्डे, वाटतात. कार्डे हातात असली की कोणत्याही मागावर लावा, नक्षी तीच उतरते. मीही तसेच समजलो. त्या पत्रात काय लिहिले आहे ते मी तपासले, पण काय लिहिलेले नाही याचा विचार केला नाही, आणि माझी सर्वांत महाग पडलेली चूक हीच आहे.

अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपवर एका खासगी किल्लीने डिजिटल सही केलेली असते. फोनमध्ये आधीपासून असलेल्या ॲपवर नवी आवृत्ती चढवताना फोन पाहतो की नव्या आवृत्तीवरची सही त्याच किल्लीची आहे का. ती वेगळी असेल तर कोड अक्षरशः तोच असला तरी फोन ती आवृत्ती घेत नाही आणि प्ले स्टोअरही ती स्वीकारत नाही. ही किल्ली नावाच्या शेवटी जेकेएस किंवा कीस्टोअर असे असलेल्या एका लहानशा फाइलमध्ये असते. फाइलचा एक पासवर्ड असतो, आतल्या किल्लीला एक टोपणनाव असते आणि बहुधा तिचाही पासवर्ड असतो. तयार ॲपमधून ही किल्ली परत काढता येत नाही, कारण ॲपमध्ये फक्त सही पडताळण्यापुरते प्रमाणपत्र असते. सोर्स कोडच्या झिपमध्ये ती नसणेही साहजिक आहे, कारण शहाणे प्रोग्रामर ती कोडसोबत ठेवत नाहीत. मात्र ती मालकाला वेगळी सोपवायची असते, हे त्या कंपनीतल्या कुणी मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

२०२० च्या टाळेबंदीनंतर दुकाने हळूहळू उघडू लागली, पण विजयपूर, लातूर, कलबुर्गीचे आमचे दुकानदार माल पाहायला सोलापूरला येऊ शकत नव्हते आणि आमचे विक्री प्रतिनिधी तिकडे जाऊ शकत नव्हते. त्या काळात ॲपमध्ये थोडे बदल केले असते तर निम्मा धंदा त्यावर चालला असता. मी दुसऱ्या प्रोग्रामरला झिप दिली, त्याने चार दिवसांत बदल केले आणि पाचव्या दिवशी विचारले, “साइनिंगची किल्ली द्या.” तेव्हा तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

कंपनीला फोन केल्यावर पहिला आठवडा “पाहून सांगतो” यात गेला. मग कळले की ज्याच्या लॅपटॉपवर ती फाइल होती तो नोकरी सोडून गेला आहे आणि लॅपटॉप साफ करून दुसऱ्याला दिला आहे. त्यानंतर त्यांनी एक फाइल पाठवली. आम्ही आनंदाने ती लावली, तर ती निघाली डीबग कीस्टोअर, म्हणजे प्रत्येक प्रोग्रामरच्या संगणकावर चाचणीसाठी आपोआप तयार होणारी फाइल, जिच्या सहीचे ॲप प्ले स्टोअर घेतच नाही. हे त्यांना माहीत नसेल यावर माझा आजही विश्वास बसत नाही. शेवटी त्यांनी लेखी कळवले की हस्तांतरणाच्या यादीत किल्लीचा उल्लेख नसल्यामुळे ती त्यांची जबाबदारी नाही, आणि नवे ॲप हवे असल्यास नवा दर लागेल. कागदाच्या भाषेत ते खरे होते. पण माणसाने पूर्ण पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याला कधीच दुरुस्त करता येणार नाही अशा स्थितीत सोपवायची आणि मग त्याच्याच सहीकडे बोट दाखवायचे, हा व्यवहार मला तेव्हाही मान्य नव्हता आणि आजही नाही.

तेव्हा आमच्यापुढे एकच मार्ग उरला: नवे पॅकेज नाव, म्हणजे स्टोअर आणि फोन ॲपला ज्या नावाने ओळखतात ते, घेऊन नवे ॲप काढणे. जुने पॅकेज नाव प्ले स्टोअरवर पुन्हा वापरता येत नाही. जुन्या ॲपवरचे अभिप्राय, तारे, डाउनलोड, सगळे जुन्या ठिकाणी राहिले. जुन्या ॲपच्या माहितीत “नवे ॲप येथे आहे” एवढे वाक्यही आम्हाला घालता येईना, कारण खाते कंपनीचेच होते. आम्ही टॉवेलच्या प्रत्येक गाठीत क्यूआर कोडची चिठ्ठी टाकली आणि माझी पुतणी रोज दुपारी दुकानदारांना फोन करत बसली. सर्वांत उपयोगी ठरली ती एक युक्ती, म्हणून मुद्दाम सांगतो: आमचा सर्व्हर आणि डोमेन सुदैवाने आमच्या नावावर होते, त्यामुळे मालाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आम्ही टॉवेलच्या जागी “हे ॲप जुने झाले, नवे घ्या” असे लिहिलेले चित्र लावले. ॲप बदलता येत नसले तरी ॲपला मिळणारी माहिती बदलता येते. तरीही काही जुने दुकानदार त्या वर्षी परत आले नाहीत.

आता आपल्याविषयी. आपली स्थिती आमच्यापेक्षा बरी असण्याची शक्यता आहे, कारण ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर येणाऱ्या नव्या ॲपना प्ले ॲप साइनिंग सक्तीचे झाले. या पद्धतीत मुख्य किल्ली गूगलकडे सुरक्षित राहते आणि प्रोग्रामरकडे फक्त अपलोड करण्याची किल्ली असते. ही दुसरी किल्ली हरवली तर खात्याच्या मालकाला नवी किल्ली तयार करून, तिचे प्रमाणपत्र देऊन, ती बदलून मिळण्याची विनंती करता येते. काही दिवस लागतात, पण काम होते. त्यामुळे आपले ॲप प्रथम कोणत्या वर्षी स्टोअरवर आले हे आधी आठवा. प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे प्ले स्टोअरवरची ॲप सांभाळण्याच्या संकेतस्थळावर, ॲप साइनिंगचे पान आहे. तिथे साइनिंग गूगलकडे आहे की नाही ते स्पष्ट दिसते. तिथेच प्रमाणपत्राचा शा-२५६ ठसा, म्हणजे त्याची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची ओळ, हीही दिसते. कुणी आपल्याला “ही घ्या किल्ली” म्हणून फाइल पाठवली तर तिचा ठसा त्याच्याशी जुळवून पाहिल्याखेरीज पुढचे पाऊल टाकू नका. कीटूल या साधनाने कोणताही प्रोग्रामर दोन मिनिटांत तो काढून देतो. हे मला तेव्हा माहीत असते तर डीबग फाइलवर वाया गेलेले पंधरा दिवस वाचले असते. झिपमध्येही एकदा नीट शोधा. काही जण घाईत किल्लीची फाइल आणि पासवर्ड ग्रेडलच्या, म्हणजे ॲप बांधणाऱ्या साधनाच्या, फाइलींतच ठेवून जातात. ही सवय वाईट आहे, पण आपल्या उपयोगी पडू शकते.

प्ले स्टोअरवरचे डेव्हलपर खाते त्या मुलाच्या नावावर असेल तर माझे ठाम मत असे की त्याच्याकडे पासवर्ड मागू नका, ॲपचे हस्तांतरण मागा. आपण स्वतःचे डेव्हलपर खाते उघडायचे आणि त्याने त्याच्या खात्यातून ॲप आपल्या खात्यात सोपवण्याची विनंती पाठवायची; त्यासाठी नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक लागतो. ग्राहक, तारे आणि अभिप्राय ॲपसोबत येतात. पासवर्ड मागितला की समोरचा बिचकतो, कारण त्या खात्यात त्याची इतर कामेही असतात. आणि कृपया त्याला दमदाटीचे संदेश पाठवू नका. आपल्या सोलापूरची मुले शिकून पुण्याला जातात, नव्या नोकरीत बारा-बारा तास काम करतात, आणि जुन्या गिऱ्हाइकाचा फोन म्हणजे फुकटचे काम असे त्यांना वाटते. हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्याचे वेगळे पैसे देऊ, असे लिहून कळवा. मी आमच्या बाबतीत आधी रागाने बोललो आणि त्याने काहीही साधले नाही.

खाते उघडताना घाई करू नका. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच द्यायचे असतात, त्यामुळे रकमेचा प्रश्न नाही. पण १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला नवे ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. आधी हा आकडा २० होता. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण त्यासाठी डन्स क्रमांक, म्हणजे डन अँड ब्रॅडस्ट्रीट ही कंपनी व्यवसायांना देते तो ओळख क्रमांक, लागतो. तो विनामूल्य मिळतो, मात्र वेळ लागतो. आपला व्यवसाय नोंदणीकृत असेल तर माझ्या मते थांबून संस्थेचेच खाते काढावे. गणवेशांची गर्दी जूनमध्ये असते, म्हणून हे काम मार्चनंतर ढकलू नये. नियम वरचेवर बदलतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी अधिकृत पान एकदा वाचून घ्या.

ॲपव्यतिरिक्त आणखी काही गोष्टी दुसऱ्याच्या नावावर असतात, त्यांकडे माझेही उशिरा लक्ष गेले. फायरबेस प्रकल्प (ॲपला सूचना, लॉगिन वगैरे पुरवणारी गूगलची सेवा) कुणाच्या ईमेलवर आहे ते पाहा, कारण ॲपसोबत तो आपोआप येत नाही. तो आपल्याकडे असेल आणि ॲपमध्ये सूचनांची सोय आधीच असेल तर ॲप न बदलताही जुन्या ग्राहकांना सूचना पाठवता येते. ओटीपीचे एसएमएस जात असतील तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या नियमांनुसार त्यांचे शीर्षनाम (पाठवणाऱ्याचे नाव) आणि मजकुराचा नमुना डीएलटी या मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवलेला असतो, आणि ती नोंद बऱ्याचदा ॲप करणाऱ्याच्याच नावावर असते. त्याने ती बंद केली की आपल्या ग्राहकांना लॉगिनच करता येत नाही. डोमेन आणि सर्व्हर तर आपल्याच नावावर हवेत.

आपल्या प्रश्नाखाली एकाने सुचवले आहे की प्ले स्टोअर सोडून द्या आणि एपीके फाइल, म्हणजे ॲप थेट फोनमध्ये बसवण्याची फाइल, व्हॉट्सॲपवर वाटा. मला हे पटत नाही. पहिली गोष्ट म्हणजे किल्ली वेगळी असेल तर जुन्या ॲपवर ती फाइलही चढणार नाही. दुसरी गोष्ट, गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर स्टोअरबाहेरून येणाऱ्या ॲपच्या निर्मात्यालाही ओळख पटवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये आणि २०२७ पासून इतरत्र, असा तो आराखडा आहे. जाणकार वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असेही त्यांनी नंतर सांगितले आहे, पण शाळेचे लिपिक आणि पालक ती वाट शोधत बसणार नाहीत. त्या नोंदणीतही पॅकेज नाव आपले असल्याचा पुरावा म्हणून सहीची किल्लीच लागणार आहे. शिवाय अनोळखी एपीके उतरवण्याची सवय आपणच ग्राहकांना लावणे मला धोक्याचे वाटते, कारण लग्नपत्रिका किंवा बँकेच्या नावाने आलेल्या अशाच फाइलींतून लोकांची खाती रिकामी होत आहेत.

नव्या प्रोग्रामरशी करार करताना शेवटच्या हप्त्याआधी ही किल्ली, तिचे पासवर्ड आणि टोपणनाव आपल्या हातात येईल आणि आपल्यासमोर त्या किल्लीने सही करून एक आवृत्ती चढवून दाखवली जाईल, असे लिहून घ्या. आम्ही ती फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवली आहे, एक कारखान्याच्या तिजोरीत आणि एक घरी, आणि पासवर्ड वेगळ्या वहीत लिहिला आहे.

आता ॲप साइनिंगच्या पानावर काय दिसते आणि खाते कुणाच्या नावावर आहे, या दोन गोष्टी तपासून इथे कळवा, म्हणजे पुढचे नेमके सांगता येईल. पानाचा फोटो टाकलात तरी चालेल, मात्र किल्लीची फाइल किंवा तिचा पासवर्ड इथे कुणालाही देऊ नका, मी मागितला तरी देऊ नका.