काम परदेशात गेले, आमच्या हक्काचे काय?

प्रश्न : मी तिवसा तालुक्यातील एका खेड्यात राहते आणि औद्योगिक वसाहतीतील कपडे शिवण्याच्या कारखान्यात नऊ वर्षांपासून शिलाई मशीनवर कामाला आहे. आम्ही सुमारे १८० कामगार आहोत. निर्यातीच्या ऑर्डरी आता बांगलादेशात जाणार असल्यामुळे कारखाना बंद होईल, असे आम्हाला सांगण्यात आले आहे. राजीनामा लिहून दिल्यास एक महिन्याचा जादा पगार लगेच मिळेल, असे व्यवस्थापक म्हणतात. काम परदेशात गेल्यास अमेरिकेत सरकार कामगारांना भत्ता देते, असे ऐकले. आपल्याकडे तशी काही सोय आहे काय?
– एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : ताई, सर्वांत आधी एक कळकळीची विनंती : राजीनाम्यावर सही करू नका. इतर मैत्रिणींनाही आजच सांगा.

अमेरिकेत १९६२ च्या व्यापारविषयक कायद्याने अशी मदत सुरू झाली आणि १९७४ च्या कायद्याने तिचा विस्तार झाला. काम परदेशात गेल्याचे सरकारी तपासणीत सिद्ध झाले की कामगाराला प्रशिक्षण आणि त्या काळात साप्ताहिक भत्ता मिळत असे. मात्र मुदतवाढ न मिळाल्याने १ जुलै २०२२ पासून तेथेही नव्या अर्जांना मंजुरी देणे बंद झाले आहे.

आपल्याकडे काम परदेशात गेले म्हणून वेगळी मदत मिळत नाही. आपला कायदा काम कोठे गेले हे न पाहता कामगाराची नोकरी कशी संपली हे पाहतो. म्हणूनच आपल्या बाबतीत तो राजीनाम्याचा कागद इतका घातक आहे. कारखाना बंद पडल्यामुळे नोकरी गेली, तर भरपाई आणि बेकारी भत्ता हे दोन्ही हक्क उभे राहतात; स्वखुशीने नोकरी सोडल्याचे आपल्याच सहीने नोंदले गेले, तर दोन्हींवर पाणी सोडावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार ५० किंवा अधिक कामगारांचा कारखाना बंद करण्यापूर्वी मालकाने सरकारला ६० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. सरकारची पूर्वपरवानगी मात्र ३०० कामगारांपासूनच लागते. जुन्या कायद्यात ही मर्यादा १०० होती, म्हणजे आपल्या कारखान्याला ही परवानगी लागली असती. विदर्भातील लहान-मध्यम कारखान्यांच्या कामगारांचे मोठे संरक्षण या बदलाने गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. भरपाईचा हक्क तरीही शाबूत आहे. सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन मिळाले पाहिजे. “ऑर्डरीच गेल्या, आमचा नाइलाज आहे” असे सांगून मालकाला ही रक्कम तीन महिन्यांच्या वेतनापुरती मर्यादित करता येत नाही, कारण आर्थिक अडचण किंवा पडून राहिलेला माल हे आवाक्याबाहेरचे कारण मानू नये, असे कायद्यातच लिहिले आहे.

ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी संपताना मिळणारी रक्कम, याहून वेगळी असते आणि पाच वर्षांच्या सेवेनंतर ती राजीनामा दिला तरी मिळते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून समजा १३,००० रुपये असतील, तर त्याला २६ ने भागून १५ ने आणि मग नऊ वर्षांनी गुणायचे. ही रक्कम ६७,५०० रुपये होते. भरपाई साधारण तितकीच धरली, तर एका महिन्याच्या जादा पगारासाठी आपल्याला काय सोडायला सांगितले जात आहे, हे लक्षात येईल.

आपल्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी कापली जात असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी अवश्य करा. कारखाना बंद पडल्याने किंवा कपातीमुळे नोकरी गेलेल्या विमाधारकाला, किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असल्यास, पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील १२ महिने २५ टक्के भत्ता देण्याची तरतूद या योजनेत आहे. अमेरिकेतील ज्या भत्त्याबद्दल आपण ऐकले, त्याच्या सर्वांत जवळची आपल्याकडील सोय हीच. पगारपत्रके, हजेरी कार्ड, ईएसआय क्रमांक आणि पीएफचा (भविष्य निर्वाह निधी) यूएएन हा खाते क्रमांक घरी सांभाळून ठेवा. कारखान्याला कुलूप लागल्यावर कार्यालयातून साधा दाखला मिळणेही कठीण होते.

सहीसाठी दबाव आल्यास आपण सर्वांनी मिळून अमरावती येथील कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीवर पोहोच घ्यावी. भरपाई न देताच कारखाना बंद झाला, तर वाद उपस्थित करण्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मात्र सोयाबीन आणि कापसाचा हंगाम आटोपू द्यावा म्हणून थांबू नका, कारण कामगार गावोगावी पांगले की एकमेकींसाठी साक्ष द्यायलाही कोणी उरत नाही.