फूट-इंचातील स्लॅबचा हिशोब साध्या कॅल्क्युलेटरवर कसा करावा?

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ घर बांधताना 22 फूट 10 इंच × 14 फूट 3 इंच आणि 5 इंच जाडीच्या स्लॅबला किती काँक्रीट लागेल, असे आपण विचारले आहे. त्यासाठी खास बांधकामाचा कॅल्क्युलेटर घेण्याची मुळीच गरज नाही; दुकानातला साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 22 फूट 10 इंच हे माप 22.10 असे दाबणे. दशांश चिन्हानंतरचा आकडा इंच नसून फुटाचा दहावा-शंभरावा भाग असल्यामुळे एवढ्याने जवळजवळ 9 इंच लांबी हिशोबातून गळते. म्हणून इंचांना आधी 12 ने भागावे आणि मग त्यात फूट मिळवावेत. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण साधा कॅल्क्युलेटर ज्या क्रमाने बटणे दाबाल त्याच क्रमाने हिशोब करत जातो.

प्रथम मेमरी रिकामी करून 3 ÷ 12 + 14 = दाबून येणारे 14.25 एम प्लस (M+) बटणाने मेमरीत साठवावे. नंतर 10 ÷ 12 + 22 = करून आलेल्या 22.833 ला मेमरीतील आकड्याने गुणावे, म्हणजे सुमारे 325.4 चौरस फूट येतात. त्याला 5 ने गुणून 12 ने भागल्यास 135.6 घनफूट, म्हणजे 1.36 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट).

तयार काँक्रीट मात्र घनमीटरमध्ये मागवतात, तेव्हा घनफुटांना 35.31 ने भागून 3.84 घनमीटर धरावे. बीमचा स्लॅबखालचा भाग यात आलेला नाही, तो वेगळा काढून मिळवावा.